उबंटूच्या सवयीला नियम समजू नकोस

पत्र

ताई, मी २६ वर्षांची आहे, मला 'तू' म्हटलंत तरी चालेल. अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत तीन वर्षं नोकरी करते. द्राक्षांच्या शीतगृहातलं तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं आमचं यंत्र आहे. त्याचा सी भाषेतला प्रोग्राम आणि सोबतच्या शेल स्क्रिप्ट बहुतेक मीच लिहिल्या. सगळं उबंटू या लिनक्स सिस्टिमवर लिहिलं, उबंटूवरच तपासलं. यंदा पिंपळगावच्या एका निर्यातदाराला तेच विंडोजवर हवं झालं, नव्या बोर्डावर अल्पाइन लिनक्स आलं आणि ऑफिसात नव्या सहकाऱ्याकडे मॅक आला. तिन्हीकडे तीन तऱ्हा. मॅकवर स्क्रिप्ट फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या पहिल्याच सेड कमांडला अडते. अल्पाइनवर नोंदी पाठवणारा थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं काम) सुरू झाला की प्रोग्राम कोसळतो. विंडोजवर सगळं सुरळीत चालतं आणि पंचविसाव्या दिवशी वेळ उणे दिसायला लागते. आमचे सिनियर म्हणतात, प्रत्येक सिस्टिमच्या नावानं इफडेफ, म्हणजे 'ही सिस्टिम असेल तर हा कोड' अशी अट, टाक आणि विषय संपव. मला वाटतं, युनिक्ससारख्या सिस्टिमनी कसं वागावं हे ठरवणारं पॉझिक्सचं प्रमाण पहिल्या पानापासून वाचावं आणि त्याबाहेरची एकही ओळ लिहू नये. परवा मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा कोड नाशिकच्या बाहेर चालत नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाही. आमच्यात बरोबर कोण?

— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर

त्या वाक्याचं आधी बोलू. तीन वर्षं शीतगृहात बिनतक्रार नोंदी घेणारा प्रोग्राम लिहिणं सोपं नसतं. एकाच सिस्टिमवर वाढलेला कोड दुसरीकडे पहिल्यांदा नेला की अडखळतो. सगळ्यांचा अडखळतो, माझाही अडखळला होता. ते असं चारचौघांत सुनवायला नको होतं, आणि तुला वाईट वाटलं यात तुझं काही चुकलं नाही.

आता काम. तुझ्या तिन्ही तक्रारी मी पुन्हा पुन्हा वाचल्या, कारण त्यांच्यात एक धागा आहे आणि तो तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलाय. तिन्ही ठिकाणी कुठल्याही सिस्टिमनं प्रमाण मोडलेलं नाही. प्रमाणानं जे मोकळं सोडलं होतं, तिथं उबंटूनं एक सवय लावली आणि तू ती सवय नियम म्हणून धरून चाललीस.

मॅकचंच बघ. मॅकची सिस्टिम २००७ पासून, म्हणजे लेपर्डच्या आवृत्तीपासून, युनिक्स ०३ (पॉझिक्सवर आधारलेलं प्रमाणपत्र) म्हणून रीतसर प्रमाणित होत आली आहे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांनी ते प्रमाणपत्र कधी घेतलेलंच नाही, उबंटूनंही नाही. म्हणजे ज्या सिस्टिमकडे प्रमाणपत्र आहे तिथंच तुझी स्क्रिप्ट अडते. कारण फाइल जागच्या जागी बदलणारा सेडचा 'आय' पर्याय पॉझिक्समध्ये नाहीच. उबंटूवरच्या ग्नू सेडनं तो एका रीतीनं दिला, मॅकवर असलेल्या बीएसडीकडच्या सेडनं दुसऱ्या. बीएसडीच्या रीतीत त्या पर्यायामागे जुन्या प्रतीला लावायचा प्रत्यय द्यावाच लागतो, रिकामा का होईना. तू तो दिला नाहीस, म्हणून मॅकनं तुझी सेडची आज्ञाच प्रत्यय म्हणून गिळली. उपाय अगदी साधा आहे: सेडचं उत्तर त्याच फोल्डरमधल्या नव्या फाइलीत लिही आणि मग ती एमव्ही कमांडनं जुन्या नावावर आण. हे सगळीकडे चालतं.

याच जातीच्या आणखी सवयी तुझ्या स्क्रिप्टमध्ये सापडतील, माझी खात्री आहे. फाइलचं नाव आधी आणि पर्याय नंतर लिहिणं उबंटूवर खपतं, मॅकवर नाही. तारीख मागेपुढे करायला डेट कमांडला ग्नूकडे 'डी' लागतो, बीएसडीकडे 'व्ही'. इको कमांडचे 'एन' आणि 'ई' तर प्रत्येक शेलमध्ये वेगळे वागतात, तिथं सरळ प्रिंटएफ वापर. मॅकवरचा बॅश शेल आजही ३.२ आहे, तो जमाना २००६-०७ चा. त्यात नावानं शोधायचे ॲरे नाहीत, ते बॅश ४ मध्ये आले. अल्पाइनवर तर बॅश मुळात नसतोच, बिझीबॉक्सचा छोटा शेल असतो. म्हणून स्क्रिप्ट साध्या 'एसएच'साठी लिही आणि शेलचेक नावाच्या साधनातून काढ. पहिल्या ओळीत एसएच असेल, तर बॅशची खास रूपं ते एकेक करून दाखवतं. आणि एक गोष्ट जवळच आहे: उबंटूवरचा 'एसएच' २००६ पासून बॅश नसून डॅश आहे. त्यामुळे पहिली चाचणी आत्ता, तुझ्याच मशीनवर करता येईल.

अल्पाइनवर काय झालं असावं, ते तुझ्या वर्णनावरूनच ओळखू येतं. नोंदी पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये तू मोठा बफर स्थानिक व्हेरिएबल म्हणून घेतला असणार. दोन-अडीचशे किलोबाइटचा असेल ना? उबंटूवर ग्लिबसी ही सी लायब्ररी असते, आणि ती नव्या थ्रेडला सहसा ८ मेगाबाइट स्टॅक (स्थानिक व्हेरिएबलांची जागा) देते. अल्पाइनवर मसल नावाची सी लायब्ररी असते, ती देते १२८ किलोबाइट. थ्रेडला मुळात किती स्टॅक मिळावा, हे पॉझिक्सनं सिस्टिमवर सोपवलंय. तेव्हा मसलची चूक नाही. बफर मॅलॉकनं, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, घे. ते जमत नसेल, तर थ्रेड बनवताना हवा तेवढा स्टॅक मागून घे, त्यासाठीचं फंक्शन पॉझिक्समध्येच आहे.

इथं तुझ्या सिनियरांच्या उपायाकडे येते. समजा तू त्यांचं ऐकलंस आणि 'लिनक्स असेल तर असं' हा इफडेफ टाकलास. उबंटूही लिनक्स, अल्पाइनही लिनक्स, म्हणजे इफडेफ दोन्हीकडे सारखाच लागू होणार. मग 'मसल असेल तर असं' लिहू म्हटलंस तर तेही जमणार नाही. मसलच्या लेखकांनी 'ही मसल आहे' असं सांगणारा मॅक्रो मुद्दामच ठेवलेला नाही. त्यांचं म्हणणं, नाव विचारू नका, हवी ती सोय आहे का ते विचारा. मला ते शंभर टक्के पटतं.

विंडोजच्या पंचवीस दिवसांनी तर हे अजून स्पष्ट होतं. यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद तू 'लाँग' या पूर्णांकाच्या प्रकारात मोजतेस, बरोबर? ६४ बिटच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ६४ बिटचा असतो. विंडोजवर, सिस्टिम ६४ बिटची असली तरी, तो ३२ बिटचाच. सी प्रमाण म्हणतं, किमान ३२ बिट हवेत, इतकंच. ३२ बिटच्या चिन्हांकित संख्येत २,१४,७४,८३,६४७ मावतात. तेवढ्या मिलिसेकंदांचे दिवस काढ, २४ दिवस आणि वर साडेवीस तास होतात. पंचविसाव्या दिवशी दुखणं बाहेर पडतं ते याचमुळे.

आता 'विंडोज असेल तर लाँग लाँग' असा इफडेफ टाकलास की निर्यातदाराची तक्रार मिटेल. पण तुमच्या नव्या बोर्डावरची अल्पाइन ३२ बिटच्या आर्म चिपवर असेल, तर तिथंही लाँग ३२ बिटचाच आहे! तोच बिघाड, पंचविसाव्याच दिवशी, फक्त या वेळी शीतगृहाच्या आत. सिस्टिमचं नाव विचारल्यानं खरा प्रश्न झाकला जातो. प्रश्न होता 'मला ६४ बिट हवेत' हा, आणि तो थेट विचारायची सोय १९९९ च्या सी प्रमाणापासून आहे: स्टडइंट हेडरमधला इंट६४_टी. छापताना त्याच्या जोडीचे इंटटाइप्स हेडरमधले मॅक्रो वापर, नाहीतर प्रिंटएफमध्ये तोच घोळ पुन्हा होईल.

माझाही कोड अडखळला होता म्हटलं ना, ती गोष्ट सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वजनकाट्याच्या नोंदी वाचणारा एक प्रोग्राम लिहिला होता. एकेक अक्षर वाचणारं गेटकॅर इंट परत देतं, मी ते एका बाइटच्या कॅरमध्ये साठवलं आणि फाइल संपली का हे त्याच कॅरवरून तपासलं. इंटेलच्या मशीनवर महिनोन्‌महिने चाललं. आर्मच्या बोर्डावर नेलं आणि प्रोग्राम संपेचना. दोन रात्री मी वायर, पॉवर सप्लाय, बोर्ड, सगळ्यांवर संशय घेतला. साधा कॅर उणे आकडा धरू शकतो की नाही, हे सी प्रमाणानं मोकळं ठेवलंय. इंटेलवरच्या लिनक्सवर धरतो, आर्मवरच्या लिनक्सवर नाही. फाइल संपल्याची खूण उणे एक, ती माझ्या कॅरमध्ये २५५ होऊन बसायची आणि तुलना कधीच जुळायची नाही. पण मनाला खरं लागलं ते नंतर. इंटेलवरही ती चूक होतीच. नोंदीत २५५ चा बाइट आला असता, तर प्रोग्रामनं फाइल संपली असं समजून उरलेल्या नोंदी गुपचूप सोडून दिल्या असत्या. ती चूक आर्मनं तयार केली नव्हती, फक्त उघडी पाडली होती. तेव्हापासून परकी सिस्टिम मला तपासनीस वाटते, अडचण वाटत नाही.

आता तुझा बेत, पॉझिक्स पहिल्यापासून वाचण्याचा. पहिलं पॉझिक्स १९८८ चं, सध्याचं २०२४ चं, आणि ते चार हजारांच्या आसपास पानांचं आहे. ते कादंबरीसारखं वाचू नकोस, शब्दकोशासारखं उघड. ओपन ग्रुपच्या संकेतस्थळावर ते वाचायला मिळतं. जे फंक्शन वापरतेस त्याचं पान काढ, आणि शेवटचे भाग, 'ॲप्लिकेशन युसेज' आणि 'रॅशनॅल', आवर्जून वाच. कुठं कोणाची वाट वेगळी झाली आणि का, ते तिथं असतं. तीन शब्दांवर नजर ठेव. 'इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड' म्हणजे प्रत्येक सिस्टिम आपलं ठरवेल, पण लिहून ठेवेल. 'अनस्पेसिफाइड' म्हणजे ठरवेल, पण सांगायला बांधील नाही. 'अनडिफाइन्ड' म्हणजे तिथं पाऊलच टाकू नकोस. तुझे तिन्ही बिघाड पहिल्या दोन शब्दांच्या आसपासचे किंवा प्रमाणाच्या पूर्ण बाहेरचे आहेत. सोबत ग्नूलिबचं मॅन्युअल ठेव. त्यात एकेका पॉझिक्स फंक्शनखाली ते कुठल्या सिस्टिमवर कसं वेगळं वागतं याची नोंद आहे. इतकं उपयोगी कागदपत्र या विषयात मला दुसरं माहीत नाही.

फक्त प्रमाणातलं लिहायचं, हा तुझा हट्ट मला आवडतो. पण तेवढ्यानं तुझं काम भागणार नाही. एक म्हणजे, विंडोज पॉझिक्स असल्याचा दावाच करत नाही. १९९३ च्या विंडोज एनटीत पॉझिक्सची एक उपव्यवस्था होती, कारण अमेरिकन सरकारी खरेदीत ती अट असायची. पण तिच्यात थ्रेड नव्हते, सॉकेट नव्हते. कागदावर अट पुरी झाली, प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. दुसरं म्हणजे, प्रमाण पाळूनही वागणं वेगळं असू शकतं, आणि तुझ्या धंद्यात याचा सगळ्यात मोठा धोका लिहिलेलं डिस्कवर उतरवणाऱ्या एफसिंकमध्ये आहे.

तुमच्या यंत्राचं काम काय? लाइट गेली तरी शेवटची नोंद टिकली पाहिजे. कंटेनर परदेशात नाकारला गेला, तर शेतकऱ्याच्या हातात तोच कागद असतो. म्हणून तू नोंद लिहिल्यावर एफसिंक करत असशील. लिनक्स त्या वेळी डिस्कला तिचा स्वतःचा कॅशही रिकामा करायला सांगतं. मॅकवर एफसिंक डेटा डिस्ककडे पाठवतं आणि परततं. डिस्कच्या कॅशमधून तो खरोखर खाली उतरावा असं वाटत असेल, तर एफसीएनटीएल या फंक्शनला 'एफ फुलएफसिंक' वेगळं सांगावं लागतं. फंक्शनचं नाव तेच, प्रमाणपत्रही हातात, पण हमी वेगळी. विंडोजवर ते काम फ्लशफाइलबफर्स करतं. नाव बदलण्याचंही तसंच. जुन्या फाइलवर नवी आणायला पॉझिक्समध्ये रिनेम पुरतं, कारण ते जुनीला एका झटक्यात बदलतं. विंडोजच्या सी लायब्ररीतलं रिनेम मात्र त्या नावाची फाइल आधीच असेल तर नकार देतं, आणि सी प्रमाणाप्रमाणे त्यात काही गैर नाही.

म्हणजे फरक कुठेतरी लिहावाच लागणार, आणि तेवढ्यापुरते तुझे सिनियर बरोबर आहेत. मतभेद जागेचा आहे. ते म्हणतात, जिथं अडेल तिथं लिही. मी म्हणते, एका खोलीत लिही आणि दार लावून घे. एक हेडर कर. त्यात फंक्शनांची नावं सिस्टिमच्या भाषेत देऊ नकोस, तुझ्या कामाच्या भाषेत दे: 'नोंद डिस्कवर पक्की कर', 'जुन्या फाइलच्या जागी नवी आण', 'सुरू झाल्यापासूनचा वेळ सांग', 'सेन्सरचं पोर्ट उघड'. मग लिनक्स, मॅक आणि विंडोजसाठी त्याच्या तीन छोट्या फाइली. विंडोजवर एफसिंकची नक्कल बनवत बसलीस, तर पॉझिक्सची प्रत्येक बारीक अट तिथं पाळायचं ओझं तुझ्या डोक्यावर येईल. 'नोंद पक्की कर' असं नाव दिलंस, तर तुला हवं तेवढंच पाळावं लागेल.

दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणारं ओपनएसएसएच याच वाटेनं वाढलं. ओपनबीएसडी या सिस्टिमची मंडळी मूळ कोड फक्त स्वतःच्या सिस्टिमसाठी स्वच्छ लिहितात, आणि बाकीच्या सिस्टिमसाठी एक वेगळी, पोर्टेबल आवृत्ती निघते. आवृत्तीच्या आकड्यामागे 'पी१' दिसतं ना, ती ही. फरक सांभाळणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यात.

त्या खोलीच्या आतही नावापेक्षा सोय तपास. सीमेक किंवा ऑटोकॉन्फ ही बिल्डची साधनं हे करून देतात. पण एक सावधगिरी बाळग: 'फंक्शन सापडलं' आणि 'फंक्शन चाललं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅकवर थ्रेडांच्या लॉकसाठी वापरायचं सेम_इनिट कंपाइल होतं, लिंकही होतं आणि चालवल्यावर 'ही सोय इथं नाही' अशी एरर देतं. परत आलेली किंमत तपासली नसेल, तर तुझा लॉक कधी लागलाच नव्हता, हे तुला कळणारही नाही. म्हणून महत्त्वाच्या सोयींची चाचणी प्रत्यक्ष चालवून घे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना ती हमखास भेटते. गावाच्या नावानं फाइली करत असशील, तर सुरगाण्याकडचं 'बाऱ्हे' घालून बघ. त्यातलं 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकच अक्षरचिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था पहिला प्रकार घेते आणि यादी देताना दुसरा परत करते. लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. जुन्या मॅक डिस्कवरून फाइली फिरल्या की 'फाइल सापडत नाही' ही तक्रार येते आणि कोणालाच काही कळत नाही. फाइलींना आकड्यांची किंवा साध्या रोमन अक्षरांची नावं दे, गावाचं नाव फाइलीच्या आत ठेव. आणि स्क्रिप्टमध्ये सॉर्ट करताना लोकेल (भाषेनुसार क्रम ठरवणारी सेटिंग) 'सी' ठरवून टाक, नाहीतर तीच यादी तीन मशीनवर तीन क्रमांनी लागेल.

सिनियरांशी बोलताना तत्त्वावर वाद घालू नकोस. ३२ बिटच्या बोर्डाचं उदाहरण घेऊन जा: "सर, विंडोजचा इफडेफ टाकला तरी हे इथं पुन्हा होणार." एवढं पुरेल. अनुभवी माणसाला ठोस बिघाड समोर दिसला की तो ऐकतो. एक मागणीही कर: रोजचा बिल्ड उबंटू, अल्पाइन, विंडोज आणि मॅक या चारही ठिकाणी झाला पाहिजे. अल्पाइन डॉकरमध्ये मिळते, विंडोज आणि मॅकसाठी गिटहबच्या मशीन आहेत, नवीन खरेदी लागणार नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपाइलरांतून, सगळे इशारे चालू ठेवून कंपाइल कर. क्लँग ज्यावर कुरकुरतो त्यावर जीसीसी कधी गप्प असतो, कधी उलटं होतं.

द्राक्षांचा हंगाम जानेवारीत तोंडावर येईल आणि विंडोजची दुरुस्ती खरी ठरली का, हे बघायला पंचवीस दिवस थांबायची सवड तुला नसेल. थांबूही नकोस. लिनक्सच्या कर्नलमध्ये वेळ मोजणारा जिफीज नावाचा आकडा आहे. ३२ बिटमध्ये तो मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच उलटा फिरावा, अशी त्याची सुरुवातीची किंमत मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे असली चूक महिन्यानं कळायची ती चहा संपायच्या आत कळते. तुझ्या 'सुरू झाल्यापासूनचा वेळ सांग' या फंक्शनलाही चाचणीपुरती अशीच सुरुवात दे, मर्यादेच्या एक मिनिट अलीकडची, आणि आज संध्याकाळीच विंडोजवर दोन मिनिटं चालवून बघ.